दगडातून धातू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"लोखंड खाणीत सापडतं" असं आपण सहज बोलून जातो. खाणीत सापडतो तो लाल-काळा दगड. त्यात लोखंड असतं, पण ऑक्सिजनच्या मिठीत अडकलेलं. ती मिठी सोडवण्याची किंमत मोजल्याशिवाय खिळा, तवा, रूळ, वायर यांतलं काहीच हाती येत नाही. प्रत्येक धातूची ही किंमत वेगळी असते. खालची बहुतेक उत्तरं फिरून याच मुद्द्याकडे येतात, कारण ही एक गोष्ट पक्की समजली की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

खनिज आणि धातुक यांत फरक काय?

निसर्गात ज्या रूपात धातूचं संयुग सापडतं ते खनिज. ज्या खनिजातून धातू काढणं परवडतं ते धातुक. म्हणजे फरक रसायनशास्त्राचा कमी आणि हिशोबाचा जास्त. पृथ्वीच्या कवचात सुमारे 8 टक्के अ‍ॅल्युमिनिअम आहे, लोखंडापेक्षाही जास्त. अंगणातल्या चिकणमातीतही ते असतं, तरी चिकणमातीतून अ‍ॅल्युमिनिअम काढायला कोणी बसत नाही. उलट तांबं कवचात अगदी नगण्य प्रमाणात आहे, म्हणून शंभर किलो दगडात एक किलो जरी तांबं सापडलं तरी तो दगड धातुक ठरतो. भाव बदलला किंवा नवी पद्धत निघाली की कालचा टाकाऊ दगड आज धातुक होऊ शकतो.

आमच्या कोकणातला जांभा लालभडक असतो. त्यातून लोखंड काढता येतं का?

येतं, आणि आपल्याकडे काढलंही जात होतं. महाबळेश्वरच्या परिसरात धावड लोक जांभ्यातलं लोहयुक्त खनिज वेचून लोखंड बनवत. मातीची लहान भट्टी, लाकडी कोळसा, हातानं चालवायचे भाते, एवढीच त्यांची सामग्री. लोखंड 1538 अंश सेल्सिअसला वितळतं आणि अशा भट्टीत तितकी उष्णता येत नाही. मग लोखंड निघायचं कसं? कोळशाच्या जळण्यातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, आणि लोखंड न वितळताच स्पंजासारख्या गोळ्याच्या रूपात शिल्लक राहतं. मळी, म्हणजे खनिजातला माती-वाळूचा टाकाऊ भाग, मात्र वितळते. तो गोळा तापलेला असतानाच घणाखाली ठोकून मळी पिळून काढायची. धावडांना कार्बन मोनॉक्साइडचं नाव माहीत नव्हतं, पण भाता किती वेगानं चालवायचा आणि कोळसा कधी घालायचा याचं त्यांचं ज्ञान पक्कं होतं. इंग्रजी अमदानीत जंगलतोडीवर बंधनं आली, बाहेरचं स्वस्त लोखंड बाजारात आलं आणि हा धंदा बसला.

आज जांभ्यातून लोखंड काढणं परवडत नाही, कारण त्यात ॲल्युमिना (अ‍ॅल्युमिनिअमचा ऑक्साइड) आणि सिलिकाही (वाळूचा मुख्य घटक) भरपूर असतं आणि देशात 60 टक्क्यांहून जास्त लोखंड असलेलं हेमॅटाइट उपलब्ध आहे. पण जांभ्याचा सख्खा भाऊ असलेलं बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमचं धातुक, राधानगरी, शाहूवाडी या भागांत आणि रत्नागिरी जिल्ह्यात आहे. दोघांची जन्मकथा एकच. लाखो पावसाळ्यांत खडकातलं विरघळण्याजोगं सगळं वाहून गेलं आणि न विरघळणारं मागे राहिलं. लोह जास्त उरलं तिथे जांभा, ॲल्युमिना जास्त उरलं तिथे बॉक्साइट.

माणसाला तांबं आधी, लोखंड नंतर आणि अ‍ॅल्युमिनिअम इतकं उशिरा का मिळालं?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे. शाळेत आपण धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी शिकतो. ती श्रेणी इतिहासाच्या पुस्तकावर ठेवून पाहा, जवळजवळ तंतोतंत जुळते.

सोनं कुणाशी फारसं बांधलेलं नसतं, म्हणून नदीच्या वाळूत ते सोन्याच्याच रूपात सापडतं. तांबं ऑक्सिजनला सैल धरतं, म्हणून चांगल्या कोळशाच्या भट्टीत लवकर सुटतं. 1974 साली अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला सापडलेला तांब्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस आठवा. इतकी जड, भरीव ओतीव शिल्पं घडली तेव्हा आपल्या भागात लोखंडाचा पत्ताही नव्हता. लोखंड ऑक्सिजनला जास्त घट्ट धरतं, त्यामुळे त्याला वेळ लागला. विदर्भातल्या महापाषाणीय (मोठाले दगड रचून दफनं करणाऱ्या) संस्कृतीच्या माणसांनी ते साधलं. नागपूरजवळ नायकुंडच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली.

अ‍ॅल्युमिनिअमची पकड इतकी घट्ट आहे की व्यवहारात कोळसा तिथे हरतो. तिथे वीजच लागते, आणि मुबलक वीज मिळायला एकोणिसावं शतक सरत आलं. 1884 साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर अ‍ॅल्युमिनिअमचा लहानसा कळस बसवला, कारण तेव्हा तो दुर्मीळ आणि महागडा धातू होता. 1886 साली अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी एकमेकांना न ओळखता विजेनं अ‍ॅल्युमिनिअम सोडवण्याची एकच पद्धत शोधली. दोघंही 1863 साली जन्मले आणि दोघंही 1914 साली गेले. त्यांच्या पद्धतीनंतर काही दशकांतच हा धातू स्वयंपाकघरातल्या पातेल्यापर्यंत आला.

झोतभट्टीत नेमकं होतं काय?

वरून थराथरानं लोहखनिज, कोक (हवा न लागू देता भाजून घट्ट केलेला दगडी कोळसा) आणि चुनखडी टाकतात. खालून हजार अंशांच्या पुढे तापवलेली हवा जोरानं सोडतात. कोक इथे एकाच वेळी तीन कामं करतो, आणि झोतभट्टीचं मर्म त्यातच आहे. तो जळून उष्णता देतो. त्यातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो. शिवाय भट्टीतला सगळा डोलारा तोच अंगावर पेलतो, म्हणजे खालून येणाऱ्या वायूला वर जायला वाट मोकळी राहते. ठिसूळ कोळसा वापरला तर त्याचा चुरा होऊन भट्टी गुदमरते.

चुनखडी खनिजातल्या वाळूशी संयोग पावते आणि मळी बनते. मळी हलकी, म्हणून वितळलेल्या लोखंडावर तरंगते आणि वेगळी काढता येते. ती वाया जात नाही, दळून सिमेंटमध्ये जाते. खाली जमतं ते बीड. त्यात सुमारे 4 टक्के कार्बन असतो, म्हणून ते शुद्ध लोखंडापेक्षा कितीतरी कमी तापमानाला, साधारण 1150 अंशांना, वितळतं. म्हणूनच ते साच्यात सुरेख ओतलं जातं आणि पडलं की तडकतंही. बिडाचा तवा हातातून निसटला तर काय होतं, हे घराघरात ठाऊक आहे. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचा सगळा व्यवहार या ओतीव लोखंडावर उभा आहे.

लोहखनिज असलं की पोलादाचा कारखाना निघतो का?

नाही, आणि याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. 1882 साली जमशेटजी टाटांच्या हाती रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल पडला. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात, लोहारा इथे उत्तम लोहखनिज असल्याचं त्यात म्हटलं होतं. जवळच वरोऱ्याला कोळशाची खाण होती. टाटांनी तो कोळसा तपासायला जर्मनीला पाठवला. तो या कामाला योग्य नाही, असा निर्वाळा मिळाला. या भागातल्या कोळशाचा घट्ट कोक होत नाही. तो जळतो छान, पण झोतभट्टीचं ओझं पेलत नाही.

पुढे 1904 साली भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातल्या गुरुमहिसाणीच्या खनिजाची माहिती टाटांच्या मंडळींना कळवली. तिथून झरियाचा कोक होणारा कोळसा जवळ होता, म्हणून कारखाना साकचीला झाला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. 1912 साली तिथे पहिलं पोलाद ओतलं गेलं. वरोऱ्याचा कोळसा वेगळा निघाला असता तर विदर्भाचा नकाशा आज कसा दिसला असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याच पट्ट्यातल्या सूरजागडच्या डोंगरावर आता लोहखनिजाची मोठी खाण चालू आहे.

कोकिंग कोळसा भारतात आजही कमीच आहे. म्हणून आपण साध्या कोळशावर स्पंज आयर्न बनवतो, आणि ते बनवण्यात भारत जगात पहिला आहे. धावडांच्या भट्टीत जे घडत होतं तेच इथे मोठ्या फिरत्या नळकांड्यात घडतं: लोखंड वितळत नाही, फक्त ऑक्सिजन सोडतं.

नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीजचं पुढे काय होतं?

बहुतेक सगळं पोलादात जातं. 1856 साली हेन्री बेसेमरनं वितळलेल्या बिडातून हवा फुंकून कार्बन जाळण्याची युक्ती जाहीर केली. पोलाद स्वस्तात होणार म्हणून गाजावाजा झाला, आणि मग तक्रारी सुरू झाल्या: हे पोलाद तापवून ठोकलं की फाटतं. फुंकलेल्या हवेतला थोडा ऑक्सिजन लोखंडात उरत होता, आणि गंधक लोखंडाशी मिळून कणांच्या सीमांवर एक लवकर वितळणारा पातळ थर बनवत होतं. रॉबर्ट मशेटनं त्यात मँगनीज असलेलं लोखंड मिसळलं आणि प्रश्न सुटला. मँगनीजला ऑक्सिजन आणि गंधक दोन्हींची ओढ लोखंडापेक्षा जास्त असते, त्यामुळे दोन्हींना ते स्वतःकडे खेचून निरुपद्रवी करतं.

तेव्हापासून मँगनीजशिवाय पोलाद होत नाही. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग आणि पलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटपर्यंतचा हा पट्टा देशातल्या मँगनीजचा मोठा आधार आहे, आणि तिथल्या खाणी चालवणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे. खनिजापासून फेरोमँगनीज (मँगनीज आणि लोखंडाचा मिश्रधातू) बनवणारा मोठा कारखाना चंद्रपूरला आहे. मँगनीजचं प्रमाण 12-13 टक्क्यांवर नेलं की अजब पोलाद तयार होतं: जितके घाव बसतील तितकं कठीण. रॉबर्ट हॅडफिल्डनं ते 1882 साली शोधलं. रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात तिथे चाकांचे धक्के सतत बसतात, म्हणून तिथला तुकडा याच पोलादाचा ओततात. डोंगरी बुजुर्गच्या काही खनिजात मँगनीज डायऑक्साइड इतकं चांगलं असतं की ते थेट टॉर्चच्या सेलमध्ये वापरता येतं.

शंभर किलो दगडात जेमतेम एक किलो तांबं, मग ते वेचतात कसं?

फेसानं. बालाघाट जिल्ह्यातल्या मलांजखंडचं तांबं मुख्यतः चाल्कोपायराइटच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या सुवर्णमाक्षिकाच्या, रूपात आहे. दगड पिठासारखा दळतात, पाण्यात कालवतात, थोडं तेल आणि ठरावीक रसायनं घालून खालून हवा सोडतात. तांब्याचे गंधकयुक्त कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात, वाळू ओली होऊन तळाशी बसते. हेच फेनतरण. फेस सुकवला की 20 ते 30 टक्के तांबं असलेली भुकटी मिळते.

पुढे भट्टीत लोखंड मळीत जातं, गंधक जळून जातं आणि 98-99 टक्के शुद्ध तांबं उरतं. भांड्याला एवढं पुरेसं आहे, वायरला नाही, कारण जराशी भेसळही विजेची वाट अडवते. म्हणून त्या तांब्याची पाटी मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात टांगून विजेनं 99.99 टक्क्यांपर्यंत शुद्ध करतात. टाकीच्या तळाशी जमणारा गाळ फेकायचा नसतो, त्यात सोनं-चांदी असतं. जळालेल्या गंधकाचा वायू पकडून त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि त्या आम्लातून शेतातलं सुपर फॉस्फेट तयार होतं.

जस्त काढणं भारतानं जगाला शिकवलं, हे खरं का?

मोठ्या प्रमाणावर शुद्ध जस्त काढण्याचा जगातला सर्वांत जुना ठावठिकाणा राजस्थानात उदयपूरजवळच्या जावरला आहे, हे उत्खननानं सिद्ध झालेलं आहे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे, पण नुसता अभिमान बाळगण्यापेक्षा त्या कारागिरांपुढची अडचण समजून घ्या.

जस्ताच्या खनिजातून ऑक्सिजन काढायला हजार अंशांच्या वर तापवावं लागतं. पण जस्त 907 अंशांनाच उकळतं. म्हणजे धातू सुटतो तो वाफेच्याच रूपात, आणि वर जाऊन हवा लागली की पुन्हा पांढरी राख. साध्या भट्टीत जस्त कधीच हाती लागत नाही. जावरच्या कारागिरांनी वाफेला वर जाऊच दिलं नाही. वांग्याच्या आकाराची मातीची मूस (धातू तापवायचं भांडं) घ्यायची, तीत खनिज आणि कोळसा भरायचा, मधोमध एक काडी ठेवायची आणि मूस तोंड खाली करून भट्टीत बसवायची. काडीमुळे उलट्या मुशीतला माल खाली सांडत नाही, आणि ती जळाली की वाफेसाठी आयती नळी तयार होते. वरच्या कप्प्यात आग, मध्ये भोकांची जाळी, खालच्या कप्प्यात गारवा. वाफ खाली उतरते आणि थिजते. एका भट्टीत अशा 36 मुशी. 'रसरत्नसमुच्चय' या संस्कृत ग्रंथात या वांग्याच्या आकाराच्या मुशीला 'वृन्ताक मूषा' म्हटलं आहे. जावरच्या परिसरात वापरून झालेल्या मुशी रचून उभारलेल्या घरांच्या भिंती दिसतात, एवढा त्यांचा खच पडला होता. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियननं जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते 1738 साली, आणि त्याच्याही भट्टीत वाफ खालीच उतरवली जात होती.

तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई का लावतात?

पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त, कासं म्हणजे तांबं अधिक कथील. चिंच, कोकम, ताक असं आंबट काही तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात ठेवलं की ते कळकतं. आम्लात तांबं विरघळून अन्नात उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात. कथलाला आम्ल सहसा असा त्रास देत नाही, शिवाय ते 232 अंशांनाच वितळतं, म्हणून साध्या शेगडीवर त्याचा थर देता येतो. कल्हईवाला नवसागर टाकतो तेव्हा निघणारा पांढरा धूर पाहिला असेल. नवसागर भांड्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा काढून टाकतो, आणि उघड्या पडलेल्या स्वच्छ धातूलाच कथील धरतं. कल्हईसाठी शुद्ध कथीलच वापरायला सांगा. त्यात शिशाची भेसळ असेल तर ती कल्हई नसल्यापेक्षा वाईट.

अ‍ॅल्युमिनिअमला एवढी वीज का लागते?

एक किलोला साधारण 13 ते 15 युनिट. छोट्या कुटुंबाची जवळजवळ तीन दिवसांची वीज. बॉक्साइट आधी कॉस्टिक सोड्यात शिजवून त्यातून पांढरा ॲल्युमिना वेगळा करतात. तो 2000 अंशांच्या वर वितळतो, म्हणून क्रायोलाइट या वितळलेल्या खनिजात विरघळवतात. मग काम साडेनऊशे अंशांच्या आसपास भागतं. विजेच्या प्रवाहानं अ‍ॅल्युमिनिअम तळाशी जमतं आणि ऑक्सिजन कार्बनचे विद्युतदांडे खात सुटतो. चार-पाच टन बॉक्साइटमधून एक टन धातू मिळतो. म्हणूनच हे कारखाने खाणीपेक्षा विजेच्या जवळ उभे राहतात. रेणुकूटचा कारखाना रिहंद धरणाशेजारी आहे, तो यामुळेच.

आणि या सगळ्याचा त्रास कोणाला होतो?

खाणीशेजारी राहणाऱ्याला, आणि हे स्पष्ट बोललं पाहिजे. गोव्यात एक टन खनिज काढायला त्याच्या दुप्पट-तिप्पट माती उपसावी लागे. ती माती डिचोली-सांगे भागात डोंगरासारखी रचली गेली आणि पावसात शेतांत, ओढ्यांत उतरली. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2012 मध्ये गोव्यातलं खाणकाम थांबवलं, आणि 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. त्या बंदीनं ट्रकवाले, बार्जवाले, छोटे दुकानदारही होरपळले, हेही तितकंच खरं. हंगेरीत 2010 साली ॲल्युमिना कारखान्याच्या लाल चिखलाचा (बॉक्साइट शिजवल्यावर उरणाऱ्या गाळाचा) बांध फुटून कॉस्टिकचा लोंढा गावांत शिरला आणि माणसं गेली. माती परत भरणं, गाळ अडवणं, पाणी तपासत राहणं हा धातूच्या किमतीचाच भाग आहे. तो टाळला की बिल गावकऱ्यांच्या नावावर फाटतं.

लोखंड गंजतं म्हणजे काय होतं?

ते पुन्हा खनिज व्हायला निघतं. हेमॅटाइट हा लोखंडाचा ऑक्साइड, गंजही ऑक्साइडच, फक्त पाणी धरलेला. जस्ती पत्र्यावर आधी जस्त झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. अ‍ॅल्युमिनिअम लोखंडापेक्षा जास्त अभिक्रियाशील असूनही टिकतं, कारण त्याच्या ऑक्साइडचा थर पातळ, घट्ट आणि अभेद्य असतो. दिल्लीचा लोहस्तंभ दीड हजार वर्षांनंतरही शाबूत आहे, त्यात त्याच्या लोखंडातल्या फॉस्फरसचा मोठा वाटा आहे.

भंगारवाल्याकडे दिलेल्या धातूचं खरंच काही होतं का?

होतं, आणि धातूच्या बाबतीत भंगार हीच सर्वांत श्रीमंत खाण आहे. भंगारातलं अ‍ॅल्युमिनिअम पुन्हा वितळवायला नव्या धातूच्या सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते. ऑक्सिजनची मिठी एकदा सोडवून झालेली असते, आता फक्त वितळवायचं. तांब्याचंही तसंच, आजोबांच्या घंगाळातलं तांबं उद्या मोटारच्या वायंडिंगमध्ये जाऊ शकतं. फक्त जुन्या बॅटऱ्या घरी किंवा गल्लीत फोडू-वितळवू देऊ नका. त्यातल्या शिशाची वाफ आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. बॅटरी विकणाऱ्या दुकानातच ती परत द्या.

मुलांना यातलं काही घरी दाखवता येईल का?

येईल. काचेच्या ग्लासात चिमूटभर मोरचूद पाण्यात विरघळवा आणि पॉलिश कागदानं घासलेला लोखंडी खिळा त्यात सोडा. मोरचूद विषारी आहे, म्हणून मोठ्या माणसानं जवळ बसावं, तो ग्लास पुन्हा पिण्यासाठी वापरू नये आणि हात धुवावेत. थोड्या वेळात खिळ्यावर लालसर थर दिसू लागतो आणि पाण्याचा निळा रंग फिका होत जातो. तो थर तांब्याचा आहे. लोखंड द्रावणात उतरलं आणि त्यानं तांब्याला बाहेर ढकललं. चीनमध्ये सोंग राजवटीत मोरचुदाच्या झऱ्यांत लोखंडाचे तुकडे टाकून याच पद्धतीनं तांबं काढत.